इनक्युबेटर काढले की पोरं पुण्याला जायची थांबतील म्हणे!

विजापूररोडकर: कालपासून एक मजकूर प्रत्येक ग्रुपवर येतोय. 'सोलापुरात तीन इनक्युबेटर काढा, शहर शाश्वत होईल, पोरं इथंच थांबतील.' इनक्युबेटर म्हणजे नवउद्योगांना जागा आणि मदत देणारं केंद्र. लिहिणाऱ्यानं एकदा तरी असल्या केंद्रात दिवस काढलेत का? मी काढलेत, तीन वर्षं. आम्ही पाइपातली गळती शोधणारं यंत्र केलं. उद्घाटन झालं, फोटो झाले, शाली मिळाल्या. मग एका पालिकेत विकायला गेलो, तर 'आधी तीन वर्षं पुरवठा केल्याचा दाखला आणा.' नवउद्योगांना अनुभवाची अट शिथिल करायची सोय कागदावर आहे, पण टेबलापलीकडच्या माणसाला ते सांगायचं कुणी? आमचं यंत्र आता माळ्यावर आहे. आणि 'इनक्युबेटरमधल्या कंपन्या जास्त टिकतात' असं सांगणाऱ्या संशोधनाचं मला हसू येतं. आधी चांगली पोरं निवडायची, मग ती टिकली की श्रेय आपलं.

सर_दमाणीनगर: तुमचा माल खपला नाही म्हणून कल्पनाच वाईट? अमेरिकेत बटाव्हियाला ट्रॅक्टरवाल्यांचा कारखाना 1956 ला बंद पडला. मँक्यूसो कुटुंबानं ती इमारत घेऊन 1959 पासून लहान-लहान व्यवसायांना भाड्यानं दिली. त्यात एक कोंबड्यांची पिल्लं उबवणारा होता, 'इनक्युबेटर' हे नाव तिथूनच आलं. आपल्याकडं नवउद्योगांना सुरुवातीचा पैसा देणाऱ्या 2021 च्या सीड फंड योजनेत नमुना करायला 20 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. अर्ज न करता रडायचं, ही सोलापुरी सवय.

पूर्वभाग_माग: सर, गोष्ट चांगली सांगितली, पण अर्धीच. तिथं आधी शेड होती, वीज होती, भाडं कमी होतं. आयडिया पटवून सांगायचा पिच नंतर. आपल्याकडं 1877 ची जुनी मिल होती, तिचं काय झालं? माझ्या शेजारी सहा माग बंद आहेत, शेड भाड्यानं जात नाही. टॉवेलचं सूत रंगवायला पाणी लागतं, ते कुठून आणायचं? रंगाचं पाणी स्वच्छ करून परत वापरायची स्वस्त टाकी कुणी करून दाखवा, मी उद्या ऑर्डर देतो. ॲप नको.

जुळे_सोलापूरची_सून: पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगते. चार-पाच दिवसांनी नळ येतो, तोही रात्री दोनला. आमच्या गल्लीतलं खरं इनोव्हेशन म्हणजे चावीवाला काका, व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा. ग्रुपवर त्यांचा एक मेसेज पडतो, 'सोडलं', की चाळीस घरं उठतात.

कडक_भाकरी: तुमचा काका मेसेज तरी टाकतो, आमचा फोनच उचलत नाही! दिवाळीला पैसे दिले नाहीत की पाणी अर्धा तास उशिरा.

जुळे_सोलापूरची_सून: सगळ्यांना एका मापात मोजू नका. आमचे काका भर पावसात रात्री व्हॉल्व्हवर उभे असतात.

कडक_भाकरी: हां हां, सत्कार करा मग. शंभरेक किलोमीटरवरून, उजनीतून पाणी येतं आणि शेवटी कुणाच्या तरी पान्यावर अडतं. 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसात नाव आलं तेव्हा पेढे वाटले होते मी. परत द्या म्हणतो.

सर_दमाणीनगर: चर्चा इनक्युबेटरवर होती, चावीवर नाही.

पूर्वभाग_माग: सर, चावीवरच हाय की! विजापूररोडकरांचं यंत्र त्या काकाच्या हातात दिलं असतं तर? दाखला त्यानं मागितला नसता.

विजापूररोडकर: काका विकत घेणार कुठून? पण बरोबर आहे, आम्ही त्याला एकदाही विचारलं नाही. साहेबांकडं गेलो, एसीत बसलो, स्लाइड दाखवल्या. हे मान्य.

सर_दमाणीनगर: चला, एक तरी कबुली आली. मग आमच्या केंद्रात दोन पोरं चावीवाल्याबरोबर आठवडाभर फिरवतो. खूश?

कडक_भाकरी: रात्री दोनला येतील का बे तुमची पोरं?

पूर्वभाग_माग: आधी माझ्या टाकीचं बघा. शेड रिकामीच हाय, भाडं सहा महिने मागत नाही. सातव्या महिन्यापासून मात्र घेणार.