मदत हवी आहे : कॅसेटवरचा थरांचा आवाज, आणि मागे पडणारी गाणी

नमस्कार मंडळी,

नागपुरात आम्ही तिघे मित्र घरच्या घरी मराठी गाणी बसवतो. गेले काही महिने मला अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स शहरातील ‘ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोल’ या स्वतंत्र बँडने झपाटले आहे. १९९६ मधला त्यांचा ‘डस्क ॲट क्युबिस्ट कॅसल’ हा २७ ट्रॅकचा अल्बम ज्यांनी ऐकला असेल, त्यांना मी काय शोधतो आहे ते लगेच कळेल : एकावर एक रचलेल्या गोड हार्मनी (एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गायलेले आवाज), आणि त्यांच्या मधूनच उलटी फिरणारी टेप, घरघर, कुठलेतरी दूरचे आवाज. चाल एकदा ऐकली की तोंडात बसते, पण तिच्याभोवतीचा गलका दहाव्यांदा ऐकतानाही नवा वाटतो. (सुरुवातीच्या प्रतींसोबत दुसरी एक सीडी होती, ती मूळ अल्बमसोबत एकाच वेळी लावून ऐकता येत असे.)

असे थर कॅसेटवर रचायची पद्धत अशी : चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या कॅसेट रेकॉर्डरवर तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवतात आणि ते तीन पुन्हा मोकळे होतात. अशा प्रत्येक उतरवणीत वरच्या पट्टीतली धार बोथट होते, टेपची सरसर वाढते, पण त्याचबरोबर वेगवेगळे आवाज एकमेकांना चिकटतात. हे चिकटणे मला संगणकावर मिळत नाही. तिथे सरसर मिसळता येते, पण ती सगळीकडे सारखीच राहते.

म्हणून मी वडिलांच्या जुन्या कॅसेट डेकवर तीन आवाजांची हार्मनी भरून ती पुन्हा संगणकात घेतो. अडचण इथेच आहे. मे महिन्यात कूलरचा आवाज नको म्हणून तो बंद करून दुपारी भरलेली कॅसेट रात्री उतरवली, की तीन मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी हार्मनी तालापेक्षा जवळपास अर्धा सेकंद मागे पडलेली असते. तुकडे करून जुळवली तर टेपचा वेग किंचित कमीजास्त होण्याने सुरांना येणारा तो सुंदर हेलकावाच मरतो.

आरंभी आणि शेवटी एकेक टाळी भरून, त्या दोन खुणांच्या आधारे अख्खा ट्रॅक एकाच प्रमाणात आखडला, तर हेलकावा शाबूत राहील का? दुसरे असे, की ढोलकी आणि बास आधी उतरवावेत आणि गळे शेवटी ठेवावेत, हा क्रम बरोबर आहे का? टेपवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. डेकचा रबरी पट्टा गेल्याच वर्षी सीताबर्डीत बदलून घेतला आहे.