मदत हवी आहे: लिनक्स मिंट टाकल्यापासून वायफाय फक्त राउटरशेजारीच चालतंय

नमस्कार मंडळी,

परवा बाबांच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. बाकी सगळं सुरळीत आहे, वायफायने मात्र पार अडवून ठेवलंय. सोमवारी सकाळी मला पुण्याला परतायचंय. त्याआधी हे मार्गी लागलं नाही तर बाबांना इथे सांगलीत एकट्याने निस्तरता यायचं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

लॅपटॉप २०१६ चा आहे. सहाव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, आणि मागच्या वर्षी हार्ड डिस्क काढून बसवलेली २४० जीबीची एसएसडी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत या पिढीचा प्रोसेसर नाही. बाबा पेन्शनचं खातं याच लॅपटॉपवर बघतात, त्यामुळे अपडेट न येणाऱ्या सिस्टीमवर त्यांना ठेवायचं नव्हतं. आणि धडधाकट मशीन भंगारात द्यायला मन होईना. म्हणून मिंट २२.२, सिनॅमन डेस्कटॉपवालं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला, प्रिंटर तर काही न करता आपोआप सापडला. बाबा खूश होते.

आता अडचण. राउटर सोप्यात आहे, बाबांचं टेबल माजघराच्या पलीकडच्या खोलीत. अंतर पंचवीसेक फूट, मध्ये दीड-दीड फुटी दोन जुन्या भिंती. विंडोज असताना बाबा याच टेबलाशी बसून नातीशी व्हिडिओवर बोलायचे. आता तिथे आमचं नेटवर्क यादीत कधी दिसतं, कधी दिसत नाही. दिसलं तर एकच कांडी, आणि पासवर्ड बरोबर टाकला तरी पुन्हा पासवर्डच मागतं. लॅपटॉप उचलून राउटरखाली नेला की लगेच जोडलं जातं, पानं पटापट उघडतात. माजघराचा उंबरा ओलांडला की तुटतं.

काल संध्याकाळी नातीच्या फोनची वेळ झाली तेव्हा बाबा लॅपटॉप, चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन सोप्यात आले आणि चपलांच्या रॅकशेजारी स्टूल टाकून बसले. बॅटरी गेलेली आहे, त्यामुळे वायर लावल्याशिवाय चालत नाही. मांडीवर लॅपटॉप, दारातून येणारा-जाणारा वायर ओलांडतोय. काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. हा बदल मीच हौसेने करून दिला होता.

आतापर्यंत केलेले उद्योग:

राउटर बंद-चालू केला. त्याच टेबलावर माझ्या फोनला तीन कांड्या येतात, म्हणजे राउटर ठीक असावा. लॅनची केबल लावली तर नेट उत्तम. केबलवरून सगळे अपडेट्स घेतले, फरक नाही. ड्रायव्हर मॅनेजर उघडला तर तो म्हणतो, वेगळ्या ड्रायव्हरची (चिप चालवणाऱ्या प्रोग्रामची) गरज नाही. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफायची वीजबचत ३ ची २ केली, म्हणजे बंद केली. तरीही तेच. पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहिलं, तिथेही अगदी हेच, म्हणजे इन्स्टॉल करताना माझं काही चुकलं असं वाटत नाही.

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, एलएसपीसीआय लिहिल्यावर वायफाय चिपचं नाव आरटीएल८७२३बीई असं येतं. सिग्नल राउटरखाली वजा ५५, बाबांच्या टेबलावर वजा ८६.

कुणी या चिपशी झगडलंय का? टर्मिनलची भीती नाही, फक्त काय लिहायचं ते नीट सांगा.

प्रतिसाद १

राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड असतील तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या मागे लागला असेल. तो भिंतींपुढे लवकर हार मानतो. २.४ वेगळ्या नावाने ठेवून बघा. नाहीच जमलं तर यूएसबी डोंगल घ्या, फार महाग नसतो.

धागाकर्ती

धन्यवाद. ही चिप फक्त २.४ वरच चालते, ५ चं नेटवर्क तिला दिसतच नाही. डोंगल शेवटचा उपाय म्हणून ठेवते. विंडोजवर याच जागी याच चिपने चालत होतं, तेव्हा चिप मेलेली नाही एवढं नक्की.

प्रतिसाद २

ताई, डोंगल घेऊ नका. चिपचं नाव आणि ते वजा ८६ दिलंत हे फार बरं केलंत. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. वजा ८६ म्हणजे अँटेनाच नसल्यासारखं.

आणि बहुतेक तसंच आहे. या चिपच्या कार्डावर अँटेनाची वायर लावायला दोन खुंट्या असतात. काही लॅपटॉपमध्ये कंपनी एकच वायर लावते. कुठल्या खुंटीला लावली त्याची नोंद चिपमध्येच असते आणि काही मॉडेल्समध्ये ती नोंदच चुकीची आहे. लिनक्सचा ड्रायव्हर नोंदीवर विश्वास ठेवून मोकळ्या खुंटीवर ऐकत बसतो. राउटर शेजारी असला तर मोकळी खुंटीही थोडंफार पकडते, म्हणून तिथे चालतं. तुमचा दोष नाही यात.

ड्रायव्हरला खुंटी हाताने सांगता येते. आधी तात्पुरतं करून बघा. खालचं सगळं इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचं. पहिली ओळ: सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई. वायफाय गायब होईल, घाबरू नका. दुसरी ओळ: सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=१. मिनिटभर थांबून सिग्नल बघा. फरक नसेल तर पहिली ओळ पुन्हा चालवा आणि दुसऱ्या ओळीत शेवटी १ च्या जागी २ घाला. लॅपटॉप बाबांच्या टेबलावरच ठेवून करा, राउटरजवळ फरक कळणार नाही.

धागाकर्ती

१ ने काहीच झालं नाही, वजा ८५.

२ घातला आणि यादीत आमच्याबरोबर शेजारच्यांची चार नेटवर्कं दिसायला लागली. टेबलावर वजा ५७!! बाबांना हाक मारून दाखवलं. स्वयंपाकघरातून आई विचारतेय काय झालं म्हणून. खरंच खूप खूप आभार. दोन दिवस मी मिंटलाच बोल लावत होते.

आता हे कायमचं कसं करू?

प्रतिसाद २

वा, छान झालं. ईटीसी फोल्डरात मॉडप्रोब.डी नावाचा फोल्डर आहे. त्यात सुडो वापरून एक नवीन फाइल करा. नाव काहीही द्या, शेवट .कॉन्फ असा हवा. आत एकच ओळ: ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२. सेव्ह करून लॅपटॉप रीस्टार्ट करा. वीजबचत बंद केलीत ती तशीच असू द्या.

धागाकर्ती

केलं. दोनदा रीस्टार्ट केला, दोन्ही वेळा टेबलावर आपोआप जोडलं गेलं. मी गेल्यावर बाबांनी अपडेट मॅनेजरवरून नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) घेतला तर ही फाइल उडेल का? उडणार असेल तर तेवढं त्यांना वहीत लिहून देते.

प्रतिसाद २

नाही उडणार. कर्नल बदलला तरी ती फाइल जागेवर राहते आणि नवा कर्नलही ती वाचतो. पुढे कधी मिंट नव्याने टाकलंत तर मात्र पुन्हा करावी लागेल, त्यासाठी ओळ वहीत असू द्या.

धागाकर्ती

लिहून दिली, लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवली आहे. एक्स्टेन्शन बोर्ड परत टेबलाखाली गेलाय. आज सहा वाजता बाबा त्यांच्या खुर्चीवर बसून नातीशी बोलले.