रेशीम अडकतंय? रात्रीच हात सांभाळा

ताई, भरतकाम करताना रेशमाचा धागा खरखरीत बोटांना अडकतो, असं तुम्ही लिहिलंय. सोलापुरात थंडीच्या कोरड्या हवेत आमचंही अगदी हेच होतं. त्यावर कुणीतरी कामाला बसताना खोबरेल तेल लावायला सांगितलंय, ते मात्र कृपा करून नको. रेशमावरचा तेलाचा डाग सहज निघत नाही. तेल, व्हॅसलीन लावून ठेवायचं ते रात्रीच. भांडी झाली की हात टिपून, किंचित ओलसर असतानाच व्हॅसलीन चोळायचं, म्हणजे ओलावा आत टिकतो, आणि वर सुती हातमोजे. दिवसा बसण्याआधी थोड्या तेलात साखर कालवून बोटं हलकेच घासा, मग साबणाने स्वच्छ धुऊन कोरडी करा. भेगा असतील तर साखर नकोच, फार झोंबते. नखांकडेची सालं ओढू नका, बारीक कात्रीने कापा.