३२६ च्या केसमध्ये तिघेही निर्दोष सुटले, जखमीला स्वतः अपील करता येतं का?

बांधकोपरा :
घटना मे २०२१ ची, शेताच्या बांधावरून. भादंवि (भारतीय दंड संहिता) ३२६ (घातक हत्याराने गंभीर दुखापत), ५०४ (चिथावणीखोर अपमान), ३४ (समान इरादा) खाली जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात केस चालली. गेल्या आठवड्यात संशयाचा फायदा देऊन तिघेही निर्दोष. निकालातली कारणं : काठीच्या जप्तीचे दोन्ही पंच फितूर, 'दगडावर पडूनही असं फ्रॅक्चर होऊ शकतं' हे डॉक्टरांनी उलटतपासात कबूल केलं, जखमीच्या साक्षीत ओमिशन (कोर्टात सांगितलेलं पोलीस जबाबात नसणं). सरकार अपिलात जाईल असं दिसत नाही. पुढे काय?

नक्कलअर्ज :
करता येतं. सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ३७२ चं परंतुक (कलमाला 'परंतु' म्हणून जोडलेली तरतूद), आता बीएनएसएस (नवी नागरिक सुरक्षा संहिता) ४१३. जेएमएफसीच्या निकालावर जखमीचं अपील सेशन्सला (सत्र न्यायालयात). मल्लिकार्जुन कोडगळी निकालानंतर (सुप्रीम कोर्ट, २०१८) पीडिताला आधी परवानगी मागावी लागत नाही, आणि सरकारने अपील केलं की नाही याच्याशीही संबंध नाही.

मुदतीचे दिवस परंतुकात लिहिलेले नाहीत, म्हणून वाद होतात. ३० दिवस धरून चाला. निकालाची नक्कल (कोर्टाची प्रमाणित प्रत) मिळण्यात गेलेले दिवस वगळले जातात, पण अर्ज केल्यापासूनचेच. तेव्हा आधी नक्कल अर्ज टाका. नुसतं निकालपत्र नको, सगळ्या साक्षी, पंचनामे, दाखले, ३१३ चे (कोर्टाने आरोपींना प्रश्न विचारून घेतलेले) जबाब, सगळं मागा. उशीर झालाच तर सोबत विलंबमाफीचा अर्ज.

कोणी रिव्हिजन (वरच्या कोर्टाकडे पुनरीक्षण अर्ज) सुचवलं तर ऐकू नका. रिव्हिजनमध्ये निर्दोषचं दोषी करता येत नाही, फार तर केस पुन्हा चालवायला खालच्या कोर्टात परत जाते. शिवाय अपिलाचा मार्ग मोकळा असताना ते न केलेल्याची रिव्हिजन चालतच नाही.

पोर्शनमार्क :
कायद्याचा रस्ता वर आलाच आहे, खरी लढाई साक्षीपुराव्यात आहे. ओमिशन आधी तपासा. जखमी कोर्टात बोलला पण पोलीस जबाबात ते नाही, एवढं पुरत नाही. 'असं जबाबात लिहिलेलं नाही' हे तपासी अंमलदाराच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं. बचाव पक्ष हे बऱ्याचदा विसरतो. विसरला असेल तर ते ओमिशन सिद्धच झालेलं नाही आणि निकालाचा एक खांब गेला. सिद्ध झालं असेल तरी महत्त्वाचं आहे का ते बघा. काठी कोणी मारली हे जबाबात नसेल तर जड जाईल. किती फटके हे नसेल तर तितकं नाही.

पंच फितूर झाले म्हणून जप्ती आपोआप पडत नाही, तपासी अंमलदाराच्या विश्वासार्ह साक्षीवरही ती टिकते. पण मुद्देमालाला सील आणि पंचांच्या सह्यांचं लेबल होतं का? काठी डॉक्टरांना दाखवून 'या हत्याराने शक्य' असं विचारलं होतं का? न विचारणं ही नेहमीची चूक, आणि ती सरकारी बाजूची.

'पडूनही होऊ शकतं' या कबुलीला उगाच वजन दिलं जातं. शक्यता म्हणजे घटना नव्हे. जखमी साक्षीदार ठाम असेल तर त्याची साक्ष वरचढ. मात्र एक्स-रे प्लेट शाबीत झाली आहे का ते पाहा. नसेल तर ३२६ घसरून ३२४ (हत्याराने साधी दुखापत) वर येतं.

बांधकोपरा :
प्लेट शाबीत आहे. आरोपींपैकी एकाच्या डोक्यालाही टाके होते, त्यांची क्रॉस केस (त्याच घटनेवरून आमच्यावरची उलट फिर्याद) चालू आहे.

पोर्शनमार्क :
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! आरोपीच्या जखमेचा खुलासा फिर्यादी पक्षाच्या साक्षीत आलाय का? नसेल तर अपिलात सगळ्यात मोठी अडचण ही, पंचांची नाही.

तारीखपेतारीख :
सुप्रीम कोर्टाचा चंद्रप्पा निकाल (२००७) वाचून जा. दोन्ही निष्कर्ष शक्य असतील तर अपील कोर्ट निर्दोष निकाल फिरवत नाही. 'आमचं म्हणणंही पटण्यासारखं आहे' हा मुद्दा तिथे पडतो. खालच्या कोर्टाने कोणता पुरावा पाहिलाच नाही किंवा चुकीचा वाचला, ते पान नंबरसकट दाखवावं लागतं.

आणखी दोन गोष्टी. निकालाच्या शेवटी 'मुद्देमाल अपील मुदतीनंतर नष्ट करावा' असं असतंच, म्हणून अपिलासोबत काठी आणि प्लेट जपून ठेवण्याचा अर्ज द्या. आणि सीआरपीसी ४३७-अ (आता बीएनएसएस ४८१) चं जामीनपत्र, म्हणजे वरच्या कोर्टाने बोलावल्यास हजर राहण्याची आरोपींची हमी, सहा महिनेच चालतं. त्याच्या आत आरोपींना नोटीस लागली तर त्यांना शोधत फिरावं लागत नाही.