मुंबई ते लंडन विमान नक्की किती तास? बाबांच्या इन्सुलिनसाठी हवंय, अर्जंट

पुण्याची_लेक: मुंबई-लंडन डायरेक्ट फ्लाइट आहे. अंतर साधारण 7200 किमी दाखवतंय, ताशी 900 धरले तर आठ तास. तिकिटावर दुपारी 1.30 ला निघून संध्याकाळी 6 ला पोचणार, काही केल्या ताळा जमत नाहीये. बाबा एकटे चाललेत, डॉक्टरांना तास कळवायचेत, प्लीज कोणीतरी एकच आकडा सांगा.

नाशिककर: एअरलाइन कुठली? तारीख?

पुण्याची_लेक: तारखेचा काय संबंध, अंतर तेवढंच ना

थेम्सकाठी: आहे संबंध. इकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. उन्हाळ्यात भारताशी साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच. तुमच्या याच वेळांचे उन्हाळ्यात नऊ तास आणि हिवाळ्यात दहा.

निवृत्त_नाना: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे लंडन आपल्याकडे सरकत येतं. जाताना कमीच वेळ लागायला हवा.

नाशिककर: नाना, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते हो. खरा खेळ जेट स्ट्रीमचा, दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, थंडीत आणखी वाढतो. जाताना तो समोरून, येताना पाठीमागून, म्हणून परतीचं विमान लवकर येतं. शिवाय भारतीय एअरलाइन असेल तर एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने हद्द बंद केल्यापासून वळसा आहे.

थेम्सकाठी: तो फटका दिल्लीवाल्यांना जास्त, मुंबईला तेवढा नाही. आणि तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची, रनवेवरची रांग आणि हीथ्रोवर आभाळात मारलेल्या घिरट्या त्यातच धरलेल्या असतात.

मडगावकर: पुण्याहून मडगावला यायचं तर मोपा की दाबोळी?

नाशिककर: दाबोळी, मोपा पार पेडण्याला. पण वेगळा धागा काढा ना राव.

गोडमित्र: मी स्वतः इन्सुलिनवर आहे म्हणून सांगतो, नुसते हवेतले तास मोजून भागत नाही. दीडच्या विमानासाठी बाबा पुण्यातून पहाटेच निघणार, विमानतळावर तीन तास आधी, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, तो अख्खा दिवस डॉक्टरांना सांगा आणि जेवण कधी कधी होईल तेही. इन्सुलिन हँडबॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात गोठू शकतं आणि एकदा गोठलं की वापरायचं नाही. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत घ्या, औषधाच्या मूळ नावासकट. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या.

स्वातीची_आई: व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा, हीथ्रोवर चालून चालून पाय दुखतात.

पुण्याची_लेक: बाबा रोज पर्वती चढतात, व्हीलचेअरमध्ये बसणार नाहीत. तारीख 10 नोव्हेंबर, म्हणजे दहा तास धरते. डोस कुठल्या वेळेने घ्यायचा, इथल्या की तिथल्या?

गोडमित्र: ते डॉक्टरच ठरवणार, इथे कोणाचं ऐकू नका. फक्त मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवर राहू द्या, फोन उतरल्यावर आपोआप बदलतो आणि मग शेवटचा डोस कधी घेतला याचा घोळ होतो.

निवृत्त_नाना: वाऱ्याचं पटलं. पण मग विषुववृत्तावरून उडालं तर?