भिंतीला भोक पाडायचं नाही, मग भाड्याच्या घरात एसी कोणता?

वरचामजला:
बेडरूम 12 बाय 11 फुटांची, पश्चिमेची भिंत, वर थेट गच्ची. खिडकी सरकत्या काचांची, तिच्यावर छोटा व्हेंटिलेटर. शेजारी बाल्कनी. घरमालक म्हणतात एसी लावा, पण भिंत फोडू नका. त्यामुळे चाकांचा पोर्टेबल घ्यावा असं चाललंय. एक टन पुरेल का? खोलीत साधा प्लग आहे, एक्स्टेन्शन बोर्ड वापरला तर चालेल का?

तांब्याचीनळी:
एक नळीचा पोर्टेबल टाळा. तो खोलीतलीच हवा कंडेन्सरवरून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलवरून) फिरवून बाहेर फेकतो. जितकी हवा बाहेर जाते तितकीच दाराखालून, फटींतून आत येते, आणि ती बाहेरची तापलेली असते. म्हणजे एका हाताने गार करायचं, दुसऱ्या हाताने तापवायचं. शिवाय कॉम्प्रेसर खोलीतच, त्यामुळे आवाज उशाशी. घ्यायचाच झाला तर दोन नळ्यांचा घ्या. गरम हवेची नळी आखूड आणि सरळ ठेवा, आणि खिडकीची उरलेली फट प्लायचा तुकडा व फोमच्या पट्टीने बंद करा.

टनाचं म्हणाल तर 132 चौरस फुटांना एरवी एक टन (12,000 बीटीयू) पुरतो. वर गच्ची आणि पश्चिमेचं ऊन, म्हणून दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट घ्या, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारा, एक युनिट आत आणि एक बाहेर असलेला. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खाली सोडतो. झोपायच्या वेळी एक टन धापा टाकतो.

फेजन्यूट्रल:
एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. दीड टन पूर्ण भारावर साधारण 1500 ते 1800 वॅट घेतो, म्हणजे 230 व्होल्टवर सात-आठ अँपिअर, तेही तासन् तास. बारीक वायर आणि सैल पिन तापून वितळते. एसीला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि 16 अँपिअरचा सॉकेट हवा. भिंतीतली वायर किती जाडीची आहे ते आधी इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या, 2.5 चौरस मिमी तांब्याच्या खाली जाऊ नका, लाइन लांब असेल तर 4. अर्थिंगही तपासायला सांगा. सॉकेट मोठा आणि आतली वायर बारीक, असं जुन्या घरांत सर्रास असतं.

वरचामजला:
म्हणजे स्प्लिट? पण भोकाचं काय?

तांब्याचीनळी:
व्हेंटिलेटरची काच काढून जपून ठेवा. तिच्या जागी 12 मिमीची वॉटरप्रूफ प्लाय बसवा आणि तिला 65 मिमीचं भोक पाडा. गॅसच्या दोन्ही नळ्या, वायर आणि ड्रेन (पाण्याचा पाइप) त्यातून जातात. निघताना काच परत लावायची. एकच अडचण: ड्रेनला सतत उतार हवा. इनडोअर युनिट त्या भोकापेक्षा वर बसत नसेल तर ड्रेन खालून वेगळा काढावा लागेल, नाहीतर पाणी परत येऊन भिंतीवरून ओघळतं. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवू नका, हवा अडकून पाणी तुंबतं.

आउटडोअर बाल्कनीत जमिनीवर, रबरी पायांवर ठेवा. मागे किमान पंधरा-वीस सेंमी जागा सोडा, पुढची बाजू मोकळी. बाल्कनी काचांनी बंद असेल तर हा बेत सोडून द्या. युनिट स्वतःचीच गरम हवा ओढत बसेल. इनडोअर युनिट टांगायच्या पत्र्याला भिंतीत चार-सहा स्क्रू मात्र लागतीलच, त्याची परवानगी लेखी घ्या.

बसवताना नळ्यांतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप किमान 15-20 मिनिटं चालवायला लावा. ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

गारवा:
घर सोडतानाचंही आत्ताच समजून घ्या, कारण गॅस तिथेच वाया जातो. मेकॅनिकला पंप डाउन करायला सांगा: एसी कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद, गेजवरचा दाब शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद, आणि लगेच मशीन बंद. गॅस सगळा आउटडोअरमध्ये राहतो. इथे रेंगाळलं तर एखाद्या सैल जोडातून हवा आत ओढली जाते आणि कॉम्प्रेसर फुटूही शकतो, म्हणून हे घरी करून बघू नका. नवीन जागी नळीची टोकं कापून फ्लेअर (जोडासाठी पसरवलेली टोकं) नवे करायचे.

आणि ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हे खोटं. गॅस संपत नसतो. कमी झाला तर गळती आहे. आधी ती शोधायची, मग भरायचं.

फेजन्यूट्रल:
रिमोट 16 वर ठेवून खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन थांबत नाही. 25-26 आणि सोबत पंखा मंद. दुपारचं ऊन काचेच्या बाहेरच अडवा, चिक किंवा शेडनेट लावून. आतला पडदा काच ओलांडून आलेलं ऊन थोपवतो, तोवर उष्णता आत आलेली असते.

गारवा:
इनडोअर युनिटमधली हवेची जाळी दर दोन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवा. ती तुंबली की आतल्या गार कॉइलवर बर्फ धरतो, आणि लोक गॅस गेला समजतात. बर्फ दिसला तर कूलिंग बंद, नुसता फॅन तासभर. जाळी धुऊनही परत आला तरच मेकॅनिक बोलवा.