घरगुती विक्रीत रंगाचा बेरंग करणारे पाहुणे : आपले अनुभव लिहा

दिवाळीच्या तोंडावर 'शनिवारी आमच्याकडे साड्यांचे प्रदर्शन, चहाला अवश्य यावे' अशी निमंत्रणे फिरू लागतात. १९९६ मध्ये टपरवेअर भारतात आल्यानंतर डब्यांच्या निमित्ताने बायकांनी एकीच्या घरी जमण्याची पद्धतही आपल्या अंगवळणी पडली. दुकानदार कटकट्या गिऱ्हाइकाला वाटेला लावू शकतो. इथे मात्र गिऱ्हाईक म्हणजे आपलीच शेजारीण किंवा नणंद असते. अशा वेळी आपण काय केले, ते सविस्तर लिहावे.

डोंबिवलीहून

माझी मावसबहीण येवल्याहून पैठण्या आणते आणि त्या आमच्या दिवाणखान्यात मांडल्या जातात. गेल्या खेपेस वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिलीच साडी उलगडताच, 'ही मशीनवरची आहे, आमच्या सुनेने दादरला निम्म्या किमतीत घेतली,' असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. बहिणीचा चेहरा उतरला. ती काही बोलण्याआधीच मी पदर काकूंच्या हातात दिला आणि म्हटले, 'तुम्हाला यातले कळते, जरा उलटा करून सगळ्यांना दाखवा.' हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच सफाईदार दिसतो, तर यंत्रमागावरच्या पदराच्या मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. काकूंनी चष्मा सारखा केला, मोराच्या मागच्या बाजूवरून नख फिरवले आणि 'हं, बरी आहे' एवढेच म्हणाल्या. त्यानंतर मात्र येणाऱ्या प्रत्येकीला पदर उलटा करून दाखवण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले. स्वतः त्यांनी काहीही घेतले नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

ठाण्याहून

मोबाइलवर भाव काढून दाखवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. 'तिथे स्वस्त असेल तर अवश्य तिथूनच मागवा' असे हसून म्हटले की विषय तिथेच मिटतो.

पुण्याहून

आमच्याकडच्या एक बाई दुसऱ्याच्या प्रदर्शनात स्वतःची भाजणी आणि मेतकूट पिशवीतून काढून विकू लागतात. दागिने घेऊन आलेली मुलगी बिचारी कोपऱ्यात ताटकळत राहते. आता त्या दारात दिसल्या की मी पिशवी आपुलकीने हातातून घेते आणि आतल्या खोलीत ठेवते; निघताना ती आठवणीने परत देते. हे काम यजमानीणबाईंनीच करावयाचे असते, कारण विकायला आलेल्या परक्या मुलीने पाहुणीला टोकणे कोणालाच रुचत नाही.

नाशिकहून

सौंदर्यप्रसाधनांच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकांनी मध्येच उभे राहून 'ही साखळी योजना आहे का?' असे विचारले. विकणाऱ्या बाई गडबडल्या आणि बाकीच्या मंडळींनी शिक्षिकांकडे रागाने पाहिले. माझ्या मते प्रश्न रास्त होता. २०२१ च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी पिरॅमिड पद्धतीच्या, म्हणजे नवनवे सभासद जोडण्यावर कमाई चालणाऱ्या साखळी योजनांना मनाई केली आहे आणि विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय व आधी वेळ घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये असेही त्यांत म्हटले आहे. मी त्या बाईंना ओळखपत्र दाखवायला सांगितले, माल परत करण्याची मुदत सर्वांसमोर विचारून घेतली आणि मगच चहा आणला. तेवढ्याने खोलीतला ताण सैलावला. शिक्षिकांनी शेवटी एक साबणही घेतला.

कोल्हापूरहून

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. अशा ठिकाणी गडबड करणाऱ्या सगळ्याच बायका खोडसाळ नसतात. कांदेपोहे खाल्ले, चहा घेतला, आता रिकाम्या हाताने उठायचे कसे, या संकोचातून कित्येकजणी नको असलेली वस्तू घेतात आणि काहीजणी त्याच संकोचापोटी मालाला नावे ठेवतात. म्हणून मी खाणे आधी देतच नाही. आल्या आल्या 'पाहून जा, घेतलेच पाहिजे असे नाही' असे प्रत्येकीला स्वतंत्रपणे सांगते आणि पोहे सर्वात शेवटी, साड्यांच्या घड्या घालून झाल्यावर आणते. तेलकट हातांनी साड्या हाताळल्या जात नाहीत, हा त्यातला आणखी एक फायदा.